चिमणीला विटाळ नाही



आज आम्ही तुम्हाला चिमणीविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "चिमणीचे काय सांगायचे? ती तर रोज अंगणात येते." खरे आहे. पण रोज दिसणारी गोष्ट आपण नीट पाहतोच असे नाही. चिमणीबद्दल आपण लहानपणापासून पुष्कळ ऐकत आलो. त्यातले खरे किती आणि नुसते ऐकीव किती, हे आज तपासून बघू या.

आधी तिची ओळख करून घेऊ. चिमणीचे वजन जेमतेम दोन तोळे. नराला आपण चिमणा म्हणतो. त्याचे डोके राखी, पाठ तांबूस आणि गळा काळा. मादी मातकट रंगाची. तिचा गळा काळा नसतो. तिच्या डोळ्यामागून एक फिकट रेघ तेवढी जाते. आता अंगणात बघाल तेव्हा नर कोणता, मादी कोणती, हे लगेच सांगता येईल.

पाखरांमध्ये गाणाऱ्या पाखरांचे एक मोठे कूळ आहे. गंमत बघा, गोड गळ्याचा कोकीळ त्या कुळातला नाही. पण आपली चिमणी त्यातली आहे, आणि कावळाही त्यातलाच! म्हणजे गोष्टीतली चिऊ आणि काऊ एकाच कुळातली निघाली. चिमण्याचे गाणे म्हणजे चिव-चिव एवढेच. एखादे भोक मिळाले की तो त्याच्या तोंडाशी बसून दिवसभर ओरडतो. "ही जागा माझी आहे," असे तो दुसऱ्या चिमण्यांना बजावतो, आणि मादीलाही बोलावतो.

जोडी जमली की दोघेही काड्या, चिंध्या, पिसे आणतात. वाशाखालची फट, भिंतीतले भोक, तसबिरीमागची जागा, काहीही त्यांना चालते. मादी तीन ते पाच अंडी घालते. सुमारे बारा दिवसांनी पिले बाहेर येतात. मग आई-बाप दोघेही त्यांना भरवतात. आणखी पंधरा दिवसांनी पिले उडून जातात.

याच दिवसांत चिमणा आरशावर चोच मारू लागतो. घरात म्हणतात, "चिमणीला आरशात बघायचा नाद लागला." तसे नाही. आरशात त्याला दुसरा चिमणा दिसतो. हा आपले घर घ्यायला आला, असे समजून तो त्याच्याशी भांडतो. आरशावर फडके टाकले की भांडण मिटते.

दुसरी गोष्ट पावसाची. चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या की पाऊस येतो, असे आपल्याकडे म्हणतात. आपला आटपाडीचा मुलूख पडला अवर्षणाचा. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला अशी खूण हवीशी वाटणारच. पण नीट ध्यान देऊन बघा. चिमणी उन्हाळ्यात न्हाते, हिवाळ्यातही न्हाते. पिसांतल्या बारीक किडी आणि जादा तेल झाडून टाकण्यासाठी ती धुळीत लोळते. पाणी मिळाले तर पाण्यातही न्हाते. म्हणून तिच्या न्हाण्यावरून पेरणीचा बेत करू नये.

तिसरी गोष्ट दाण्याची. चिमणी शाळूच्या कणसावर बसते, बाजरी खाते. म्हणून तर माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. हे नुकसान खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण दुसरी बाजूही बघा. लहान पिलाला दाणा पचत नाही. त्याला अळ्या, नाकतोडे, किडे लागतात. ते आणण्यासाठी चिमणा-चिमणी दिवसभर खेपा घालतात.

चीन देशात १९५८ साली सरकारने चिमण्या मारण्याची मोहीम काढली. चिमणी धान्य खाते, हा तिचा गुन्हा. लोकांनी डबे बडवून, ढोल वाजवून चिमण्यांना खाली बसूच दिले नाही. उडून उडून त्या थकल्या आणि पडून मेल्या. पुढे पिकांवरची कीड वाढली. तेव्हा चूक ध्यानात आली. १९६० साली मारायच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घातले. पिकावर बसलेली चिमणी हाकलावी, पण तिचा वंश बुडवू नये, हा धडा त्यातून घ्यायचा.

आता चौथी गोष्ट. ही सर्वांत महत्त्वाची.

कधी कधी वळचणीतून पिलू खाली पडते. पोर ते उचलायला धावते. लगेच कोणी तरी ओरडते, "शिवू नगंस! माणूस शिवला की त्येला दुसऱ्या चिमण्या घेत न्हाईत. टोचून मारत्यात!" पोर हात मागे घेते. पिलू तसेच पडून राहते आणि मांजर ते उचलून नेते.

एवढ्यावर भागत नाही. पुष्कळ ठिकाणी पुढे असेही सांगत, "बघा, पाखरूसुद्धा विटाळ पाळते. मग माणसाने का पाळू नये?" चिमणीला असे साक्षीला उभे केले आणि माणसाला माणसाच्या पाणवठ्यापासून दूर ठेवले. बाईला चार दिवस बाजूला बसवले.

ही साक्ष खोटी आहे. पाखरांचा अभ्यास करणारी माणसे घरट्यातली पिले हातात घेतात, वजन करतात, त्यांच्या पायात बारीक कडी घालतात आणि परत घरट्यात ठेवतात. इंग्लंडजवळ लंडी नावाचे लहान बेट आहे. तेथे वीस वर्षांहून जास्त काळ चिमण्यांच्या पिलांना अशा कड्या घालत आले आहेत. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिलाला टाकत नाहीत. ते परत येतात आणि भरवतात. ती पिले मोठी होतात, त्यांनाही पिले होतात.

मग टोचतात ते काय? पिलू पडले की आई-बाप घाबरून गलका करतात. कधी एखादी परकी चिमणी दुसऱ्याच्या पिलाला टोचते, हेही खरे. पण माणूस शिवला नाही तरी ती टोचते. त्यात जागेचे आणि जोडीचे भांडण असते, विटाळ नसतो. विटाळ माणसाने मनाने रचला आणि पाखराच्या नावावर खपवला. आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता बंद केली आहे. ती मनातूनही जायला हवी.

म्हणून पंख न फुटलेले पिलू पडलेले दिसले, तर अलगद उचला. घरटे सापडले तर त्यात ठेवा आणि बाजूला व्हा. माणूस जवळ उभा असला की आई भीतीने येत नाही. पंख फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिलू असेल, तर ते उडायला शिकत असते. मांजर तेवढे हाकला.

आणखी एक सांगायचे आहे. माणूस शेती करू लागला तेव्हापासून चिमणी त्याच्या आसऱ्याला आली. माणसाच्या वस्तीवरच ती जगते. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत वाशाखाली, मातीच्या भिंतीत तिला जागा होती. आता सिमेंटची घरे आली. घरे पक्की झाली, हे चांगलेच झाले. पण त्यांत फट राहिली नाही. सगळ्या चिमण्या संपल्या, असे लोक म्हणतात, तेही पुरते खरे नाही. पाखरे मोजणाऱ्यांनी देशभरातून नोंदी गोळा केल्या. २०२० साली त्यांवरून दिसले, की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या, पण एकूण देशात टिकून आहेत. आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या खटपटीने २०१० सालापासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात.

आपल्याला मोठे काही करायचे नाही. पत्र्याखाली, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, एक लाकडी खोके किंवा भोक पाडलेले मडके बांधा. भोक दोन बोटे रुंद ठेवा. उन्हाळ्यात परळात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. मग चिमणीच्या घराकडे आपल्या डोळ्यांनी बघा, आणि जे दिसेल ते पोरांना सांगा.