धांडा गोड, पण भाव काय?
(कुही येथील बैठकीतले भाषण)



२०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये शंभरात वीस वाटे इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल असते. ते होते उसापासून, मक्यापासून, तांदळापासून. कुहीच्या कोरडवाहू रानात ऊस कुठून आणायचा? पण ज्वारी आपली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीचा 'मधुरा' हा वाण काढला. कणसाचे दाणे घरात येतात, धांड्याच्या रसाचे इथेनॉल होते, उरलेली चिपाडं बैल खातात. ऊस वर्षभर पाणी पितो, ही चार महिन्यांत निघते. केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात तिचे नावही आहे.

मग शिवारात दिसत का नाही? धांडा कापला की साखर उतरू लागते. रस लगेच काढावा लागतो, म्हणून चरक गावाजवळच हवा. रस आटवून काकवी केली तर टिकते. आटवायला सरपण लागते. पऱ्हाटी तर आपण बांधावर जाळूनच टाकतो!

आणि सरकारचा भरवसा? डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. साखर कारखान्यांची तारांबळ उडाली. आपल्याला असा एक हंगामही झेपणार नाही.

म्हणून आम्ही मागतो ते एवढेच : चरक कुठे बसणार आणि धांड्याला टनामागे काय भाव, हे पेरणीआधी लेखी द्या. तोवर बियाणे कोणी फुकट दिले तरी दोन तासं पेरून पाहा, एकरभर नको.