नायकाबरोबर वाढणारा शत्रू



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर संगणकावरील खेळांचा विषय निघावा, हे काही ज्येष्ठ सभासदांना खटकेल. ते खटकणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या वयात पूर्वीची मुले नाथमाधवांची 'वीरधवल' उशाशी घेऊन रात्र जागवीत, त्याच वयाची आजची मुले तितक्याच तल्लीनतेने पडद्यावरच्या एखाद्या काल्पनिक राज्यात हिंडत असतात. ही तल्लीनता कशाने टिकते आणि कशाने मोडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला परका नाही.

१९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी वाङ्मयापासून मिळणाऱ्या आनंदाची मीमांसा करताना 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णपणे सोडत नाही. दोन्हींचे भान एकाच वेळी राहते आणि त्या दुहेरीपणातच आनंद असतो, असा तिचा गाभा आहे. पडद्यावरच्या खेळाला ही कल्पना कादंबरीपेक्षाही अधिक चपखल लागू पडते. कादंबरीचा वाचक नायकाच्या मागून जातो. येथे नायकाचे पाऊलच खेळणाऱ्याच्या बोटांवर चालते. खेळाडू ज्याला 'इमर्शन' म्हणतात, ती हीच समाधी होय. आणि समाधी म्हटली की तिचा भंगही आलाच.

ज्या खेळांचा येथे विचार करावयाचा, त्यांना 'रोल प्लेइंग' म्हणजे भूमिकाप्रधान खेळ म्हणतात. त्यांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात आहे. नायक पहिल्या पातळीवर, दुबळा आणि अननुभवी असा सुरुवात करतो. लढत, शिकत त्याची पातळी चढत जाते. बैठ्या खेळात कथा पुढे नेणारा एक सूत्रधार असे. खेळणाऱ्यांचा जीव पाहून तो संकटे बेताने समोर आणी. कीर्तनकार श्रोत्यांचा अंदाज घेऊन आख्यान आवरता किंवा वाढवता घेतो, तसेच हे. संगणकाने सूत्रधाराची जागा घेतली तेव्हा हा अंदाज कोष्टकांत बसवावा लागला.

त्यात 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मुक्तसंचाराचे जग आले आणि अडचण उभी राहिली. खेळणारा कोठेही, केव्हाही जाऊ शकतो. मग दहाव्या पातळीवरचा नायक कोणत्या गुहेत शिरेल हे रचनाकाराला कसे कळावे? यावर निघालेला तोडगा म्हणजे 'लेव्हल स्केलिंग'. नायकाची पातळी वाढली की जगातल्या शत्रूंचीही पातळी त्याच्याबरोबर वाढवायची. म्हणजे तो कोठेही गेला तरी झुंज बरोबरीची होईल.

हा तोडगा मुळातच मूर्खपणाचा आहे असे म्हणता येणार नाही. बेळगाव-कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनांना तर तो ओळखीचा वाटावा. आनंदवाडीचा आखाडा असो की शाहू महाराजांनी बांधलेले, १९१२ साली सुरू झालेले खासबाग मैदान असो, कुस्त्या ठरविणारी मंडळी आधी जोड पाहतात. वय, वजन, तयारी ध्यानात घेऊन पैलवान समोरासमोर उभे केले जातात. पोरसवद्या पैलवानापुढे नामांकित मल्ल उभा केला तर ती कुस्ती पाहण्यासाठी कोणी उन्हात बसणार नाही. तोडीस तोड लढत ही खेळाची न्याय्य अपेक्षा आहे.

पण मैदानात जोड लावलेली असते, हे सर्वांना ठाऊक असते. भूमिकाप्रधान खेळ मात्र खेळणाऱ्याला सांगतो की, हे मैदान नव्हे, हे जग आहे. येथे डोंगर आहेत, गावे आहेत, चोर आहेत, आणि तुझ्या येण्यापूर्वीही ते होते. घोटाळा होतो तो येथे. खेळाला जोड हवी असते आणि जगाला स्वतःचा हट्ट हवा असतो. लांडगा समोरच्या माणसाचा व्यायाम पाहून आपले दात वाढवीत नाही.

या घोटाळ्याचे ठळक उदाहरण म्हणून २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन' या खेळाकडे बोट दाखविले जाते. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा चौथा खेळ बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा. त्यातली अरण्ये, पाऊस, संधिप्रकाश आजही मोहक वाटावेत असे आहेत. नायक कैदी म्हणून तुरुंगात असतो, तेथून निसटतो आणि मोकळ्या जगात येतो. सुरुवातीला रस्त्यावरचे लुटारू कातड्याचे साधे चिलखत घालून भेटतात. पण नायकाची पातळी चढत जाते तसतशी त्यांची संपत्तीही चढत जाते. पुढे पुढे ज्याच्या अंगावर काचेचे म्हणून ओळखले जाणारे दुर्मीळ, अतिमूल्यवान चिलखत आहे, असा वाटमारा रस्ता अडवतो आणि शंभर मोहरा मागतो. ते चिलखत विकले तर त्याला आयुष्यभर वाटमारी करावी लागणार नाही! येथे खेळणाऱ्याला हसू येते, आणि त्या हसण्याबरोबर समाधी उतरते.

त्याहून खोल बिघाड पुढे आहे. या खेळात नायकाची पातळी केवळ तलवारीने वाढत नाही. औषधी करणे, सौदा करणे, गोड बोलून माणसे वळविणे, यांपैकी जी कौशल्ये त्याने मुख्य म्हणून निवडली असतील ती वाढली की पातळीही वाढते. म्हणजे कोणी वैद्यकी आणि वाक्‌चातुर्य निवडून शांतपणे प्रगती केली, तर रानातले लांडगे जाऊन त्या जागी अस्वले येतात, आणि त्यांच्यापुढे वाक्‌चातुर्याचा उपयोग नसतो. ज्ञान वाढले म्हणून जीव धोक्यात आला. क्वाच नावाचे एक नगर कथेत जळत असते. तेथील राक्षसी द्वार बंद करावयाचे असते. काल तुरुंगातून सुटलेला नवखा तेथे गेला तर आत बहुतांशी क्षुद्र पिशाचे भेटतात. शस्त्रविद्येत मुरून, अनेक पातळ्या चढून गेलेल्याला मात्र त्याच द्वारात भयंकर दैत्य अडवतात.

यावर खेळणाऱ्यांनी काढलेली युक्ती मोठी बोलकी आहे. त्या खेळात नायक बिछान्यावर झोपला की मगच त्याची पातळी वाढते. म्हणून काहींनी नायकाला झोपूच दिले नाही. ज्या खेळाचा सारा आनंद वाढण्यात, त्यात वाढू नये म्हणून नायकाला रात्रंदिवस जागे ठेवायचे! त्याच वर्षी एका हौशी खेळाडूने शत्रूंची पुनर्रचना करणारी भर तयार केली आणि ती पुष्कळांनी आपापल्या संगणकावर बसवून घेतली. जगाने आपल्याला दबून वागू नये, अशी ही मागणी होती.

कुस्तीच्या भाषेत बोलायचे तर वाढता शत्रू ही नुरा कुस्ती आहे. डाव खरे असतात, घाम खरा असतो, निकाल मात्र आतून ठरलेला असतो. लढत दर वेळी बरोबरीचीच व्हायची असेल, तर आपण किती वाढलो हे मोजायचे कशाने? मोजपट्टीच मोजायच्या वस्तूबरोबर ताणली जात असेल तर आकडा कायम तोच येणार.

याउलट, जग आपल्या जागी स्थिर असले म्हणजे काय होते, हे मराठी वाचकाला इतिहासातून माहीत आहे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर आले, तेव्हा ते शिवाजी महाराजांच्या तत्कालीन बळाच्या मापाने बेतून आले नव्हते. मोगल सत्ता होती तेवढीच होती, म्हणजे फार मोठी. मुरारबाजी पडला, तह करावा लागला, तेवीस किल्ले द्यावे लागले. १६७० साली सिंहगड परत आला, त्यामागोमाग पुरंदरही आला. पुरंदर १६६५ साली जेवढा उंच होता तेवढाच १६७० साली होता. म्हणूनच तो परत घेण्याला अर्थ आहे. माघारीची लाज आणि परतीचा आनंद एकाच कड्याला चिकटलेले असतात. तो कडाच हलला तर दोन्ही नाहीसे होतात.

वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागले की राजहंसगड दिसू लागतो. सात-आठ वर्षांच्या पोराला तो चढवत नाही. तेच पोर पंधराव्या वर्षी पळत वर जाते. गड मुलाच्या पायांबरोबर वाढत गेला असता तर त्या पळण्यात काय राहिले असते?

काही रचनाकारांनी हे जाणले होते. २००१ सालच्या 'गॉथिक' या जर्मन खेळात शत्रू नायकासाठी थांबत नाही. चुकीच्या रानात शिरले की मरण येते, आणि नायक मुकाट्याने शहाणपण शिकतो. २०१० सालच्या 'फॉलआउट : न्यू व्हेगास'मध्ये तर भूगोलच शिक्षक होतो. नायक ज्या लहान गावात शुद्धीवर येतो तेथून मोठे शहर उत्तरेला फार दूर नाही. पण सरळ वाटेवर विषारी महाकाय कीटक आणि 'डेथक्लॉ' नावाचे प्राणी बसलेले आहेत. त्यामुळे दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यावा लागतो आणि त्या वळशातच कथा घडते. कोणी फलक लावून रस्ता बंद केलेला नाही. एखादा धाडसी खेळाडू लपतछपत उत्तरेनेही निसटतो, आणि त्याची ती फुशारकी रास्त असते. २०२२ सालच्या 'एल्डन रिंग' या जपानी खेळात उघड्या जगात पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार समोर फिरताना दिसतो. नवख्याने त्याला टाळावे आणि पुढे बळ आले की परत यावे, हे कोणी न सांगताच कळते.

स्थिर जगालाही खोड आहे, हे मान्य केले पाहिजे. सगळीकडे हिंडून आलेला नायक अखेरीस इतका बलाढ्य होतो की उरलेला निम्मा प्रदेश त्याच्यापुढे पाचोळा ठरतो. ऑब्लिव्हियनच्या आधीच्या, २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्ये शेवटी शेवटी असेच होते. रचनाकारांनी वर्षानुवर्षे खपून उभारलेली भुयारे मग कंटाळवाणी होतात. तेव्हा २००६ सालची चूक आळसातून झालेली नव्हती. एका खऱ्या दुखण्यावर दिलेले ते जालीम औषध होते, मात्रा तेवढी चुकली. त्याच कंपनीने २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्ये ती सावरली. स्थळागणिक किमान-कमाल मर्यादा घातल्या, आणि काही गोष्टी नायकाकडे न पाहता ठेवल्या. माळावर मॅमथ चारणारे राक्षसदेही धनगर तेथे भेटतात. नवख्याने कुरापत काढली तर त्यांच्या सोट्याच्या एका तडाख्याने तो अक्षरशः आभाळात उडतो. खेळणारे हे हसत हसत सांगतात. पण हे हसू काचेच्या चिलखतावरच्या हसण्यासारखे नाही. येथे जगाने खेळणाऱ्याला हसवले. तेथे खेळणारा जगाला हसला होता.

केळकरांच्या परिभाषेत हा फरक सांगता येतो. सविकल्प समाधीत दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचे असते, आणि त्यासाठी दुसरेपण शिल्लक असावे लागते. जे जग सतत खेळणाऱ्याकडे पाहून आपला आकार बदलते, ते आरसा होते. आरशात कोणी किती वेळ शिरावे? आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असे. राजपुत्र अजून पाळण्यात असला तरी तो पोपट तेथेच असे, म्हणून तर राजपुत्राने मोठे व्हायचे.

जाता जाता या वास्तूतल्या कपाटांकडे वळायला हरकत नाही, कारण येथील ग्रंथांनाही पातळ्या आहेत. मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या निघतात, सुलभ निरूपणे निघतात. ती वस्तादाने पोराशी खेळताना जोर आवरावा तशी आहेत. तो जोर आवरतो आहे हे पोरालाही ठाऊक असते, म्हणून त्यात फसवणूक नाही. पण मूळ ग्रंथ कोणासाठी वाकत नाही. शके १२१२ म्हणजे १२९० साली सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी एखादा मुलगा बाराव्या वर्षी कुतूहलाने घरी नेतो, चार ओव्यांत अडखळतो आणि मुदतीपूर्वीच परत करतो. चाळिशीत तोच सभासद पुन्हा ती प्रत मागतो. नोंदवहीत प्रतीचा दाखल क्रमांक तोच असतो, आणि जिथे तो अडखळला होता ती ओवीही तिथेच असते.