दिव्याखालीं अंधार

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपुराहून सुमारें ७५२ किलोमीटर दूर पडघ्यापर्यंत वीज नेणारी वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली. परंतु शेजारच्या गडचिरोलीच्या रानांत सागाची एक फांदी तारेवर कोसळली, कीं गांवेंच्या गांवें काळोखांत बुडतात.

अशा वेळीं दोष शोधावयाचा कसा? वाहिनीच्या मध्यावरील स्विच उघडून अलीकडचा भाग चालूं करून पाहतात. तो टिकला, तर दोष पलीकडे. पलीकडचा भाग मात्र लाइनमनला पायींच तुडवावा लागतो. आणि भामरागडकडे तर पर्लकोटेच्या पुरानें अनेक पावसाळ्यांत वाटच अडविली आहे.

खरें भय पुढेंच आहे. खांबावर चढण्यापूर्वीं पुरवठा बंद करून तारा दोन्ही बाजूंस जमिनीशीं जोडतात. कारण एखाद्या घरचें जनित्र चेंजओव्हर स्विचावांचून परस्पर जोडलेलें असलें, तर त्याची वीज रोहित्रांतून उलट चढून हजारों व्होल्टांची होते, आणि 'बंद' तार माणूस मारते. शहरांतील सुखवस्तु घरेंही या बाबतींत निर्दोष नाहींत.

दुरुस्तीनंतर वर गेलेले सारे उतरले, जमिनीचे जोड काढले, अशी खात्री मिळाल्यावांचून उपकेंद्रानें वीज सोडावयाची नसते. घरीं बसलेल्यांस तो विलंब आळसच वाटतो.