जुना पखवाज घेताना

आमच्या बचत गटातल्या भजनी मंडळाला पखवाज हवा होता. नव्याला पैसे पुरेनात, म्हणून बचतीतून जुना घेतला. गटाचा पैसा, म्हणून नीट पारखून घेतला. आधी खोडाला तडा आहे का ते पाहिलं. पुडी बदलता येते, तडकलेलं खोड पुन्हा सांधत नाही. मग शाई, वादी, गठ्ठे तपासले. डाव्या पुडीला मऊ मळलेली कणीक लावली की खर्ज घुमतो. वाजवून झालं की कणीक लगेच काढून पुडी पुसायची, नाहीतर चामडं खराब होतं, उंदीर कुरतडतात. पावसाळ्यात पखवाज ओलीला ठेवायचा नाही. ‘हे बायकांचं काम नाही,’ म्हणणारेच आता आमच्या ठेक्यावर टाळ वाजवतात.