पांढरी शिधापत्रिका



डोंबिवलीतील आपल्या पुष्कळ कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न लाखाहून किंचित अधिक. म्हणून शिधापत्रिका पांढरी. २०१३ साली ठाणे जिल्ह्यात आलेली जीवनदायी आरोग्य योजना पिवळ्या व केशरी पत्रिकांपुरतीच होती. आमच्या थोरल्या बंधूंच्या हृदयावरील शस्त्रक्रियेसाठी वहिनींनी पाटल्या मोडल्या, त्या या रंगापायी. महात्मा जोतिराव फुले यांचे नाव ल्यालेली तीच योजना जुलै २०२३ च्या शासननिर्णयान्वये पांढऱ्या पत्रिकेसही खुली झाली. कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. परंतु पत्रिकेत नावच नसेल तर? आमच्या सूनबाईंचे नाव घालण्यास मी चार वर्षे आळस केला, आणि तोही मास्तर असून! गेल्या महिन्यात ते नोंदविले. आपापल्या पत्रिका घेऊन या. अर्ज मी भरून देईन.