बांधीतले बुडबुडे



रोवणीला चिखलात पाय टाकला की शेजारून बुडबुडे वर येतात. लहानपणापासून आपण ते बघतो. त्यांत बराचसा असतो मिथेन. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच वायू. शेगडीत तो कामाचा, पण हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

आपलं भंडारा-गोंदिया म्हणजे धान आणि तलावांचा मुलूख. म्हणून हे समजून घेऊ.

बांधीत पाणी साचून राहिलं की मातीतली हवा काही दिवसांत संपते. मग हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव कुजका पाला खाऊन मिथेन सोडतात. गोबरगॅसच्या टाकीला झाकण असतं, इथे पाणीच झाकण होतं. गॅस किती निघेल हे तीन गोष्टींवर ठरतं. पाणी किती दिवस उभं आहे, ऊन किती आहे आणि मातीत कच्चं किती पडलं आहे. म्हणून उन्हाळी धानात, ताजं शेण किंवा तणीस गाडलेल्या बांधीत तो जास्त. चांगलं कुजलेलं खत घातलं तर कमी. धानाचं खोड आतून पोकळ असतं, बराचसा गॅस त्यातूनच वर चढतो.

मग धान सोडायचं का? मुळीच नाही. मातीला मधूनमधून श्वास घेऊ द्यायचा. हवा शिरली की मिथेन करणारे जीव थंडावतात आणि मिथेन खाणारे दुसरे जीव कामाला लागतात.

मोटारीच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान असेल तर हे करता येतं. १० ते १५ सेंटीमीटर रुंद, फूटभर लांब पाइप घ्या. खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा आणि तो अर्धा भाग जमिनीत गाडा. आतली माती काढून टाका. पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर उतरलं की पुन्हा पाणी द्या. रोवणीनंतर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी उभंच ठेवा. पाणी वाचतं, मोटार कमी चालते, मिथेनही बराच घटतो. युरिया मात्र एकदम भारंभार टाकू नका, त्याने दुसराच उष्ण वायू वाढतो. पावसाळी धानात हे जमेलच असं नाही, तिथे पाऊस आपलं ऐकत नाही.

आता खरी गोष्ट. पाणी उतरलं की तण वाढतं, आणि निंदायला वाकतो आपण. पाणी वाचल्याचा फायदा घराला आणि कंबरदुखी बाईला, असं नको. म्हणून ठरवतानाच घरात बोला. निंदणाची मजुरी हिशेबात धरा. तण जास्त असेल तर पाणी उतरवायला आठवडाभर उशिरा सुरुवात करा.

आणि कोणी म्हणालं, तलावातूनही गॅस निघतो, मग बुजवा. तर ऐकू नका. मामा तलाव आपल्याला पाणी देतात, मासोळी देतात, विहिरी जित्या ठेवतात. तलावात घाण आणि सांडपाणी जाऊ दिलं नाही, तर तिथलाही गॅस कमी होतो.

यंदा गटातल्या एकीच्या एकाच बांधीत पाइप लावून बघूया. निंदणाचे दिवस आणि मोटारीचे तास वहीत लिहूया. पीक हाती आलं की वही उघडून पुन्हा बोलू.