विकराने उघडलेले कुलूप



कर्करोगाची मोठी गाठ शल्यविशारदाला दिसते. भोवतीचे मिलिमीटरहून लहान कण मात्र निसटतात, आणि रोग तेथूनच पुन्हा उचल खातो. टोकियो विद्यापीठाचे यासुतेरु उरानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. चकाकणाऱ्या रंगद्रव्याला त्यांनी ग्लुटामिक आम्लाचे कुलूप घातले. कुलूप असेतो रेणू मिटलेला, निस्तेज. मला खरी करामत रंगात नव्हे, या कुलपात दिसते! कित्येक कर्कपेशींच्या पृष्ठभागी जीजीटी नावाचे विकर विपुल असते. ते कुलूप तोडते, रेणू उमलतो आणि निळ्या प्रकाशात पेशी हिरवी चमकते. उंदरांच्या पोटात द्रावण फवारले, तेव्हा मिनिटभरात बारीक गाठी उजळू लागल्या. परंतु हे विकर सर्वच कर्कपेशींत विपुल नसते. तेथे दुसरे विकर हेरून दुसरे कुलूप घडवावे लागते.